यादीवर सह्या कोणाच्या?

लग्नाआधी कागद करणे ही राधानगरी तालुक्याला परकी गोष्ट नाही. दाजीपूरच्या जंगलाच्या कडेपासून भोगावतीकाठच्या ऊसपट्ट्यापर्यंत कोठेही सोयरीक पसंत पडली, की दोन्हीकडची जाणती माणसे बैठकीला बसतात आणि तेथे 'याद' केली जाते; लग्न कोणाच्या दारात लागणार, जेवणाचा खर्च कोण उचलणार, बस्ता कोणी बांधायचा, मुलीच्या अंगावर कोणाकडून किती तोळे पडणार, मुलाला अंगठी की साखळी, मानाचे आहेर किती, संसारसाहित्यात काय काय, हे सारे एका कागदावर क्रमाने उतरते. मथळ्याला 'श्री' किंवा कुलदैवताचे नाव, त्याखाली दोन्ही गावांची नावे आणि तळाला वडील, चुलते, मामा व मध्यस्थ यांच्या सह्या, असे त्याचे साधारण रूप असते. 'याद्या झाल्या का' या प्रश्नाचा अर्थ कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे 'लग्न पक्के झाले का' असाच होतो, आणि याद झाली त्याच दिवशी अक्षता पडल्या तर तिला 'यादी पे शादी' म्हणतात.

या कागदाकडे विवाहपूर्व कराराच्या चर्चेत कोणी फारसे पाहत नाही, कारण ही चर्चा मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींची आणि परदेशी नोकऱ्यांची आहे असे गृहीत धरले जाते. याद हा विवाहपूर्व करारच आहे; मात्र तो दोन घरांतील आहे, तो लग्नाच्या दिवसापुरता आहे, आणि ज्या दोघांना पुढची चाळीस-पन्नास वर्षे एकत्र काढायची आहेत त्यांची सही त्यावर बहुधा नसते. मुलीची तर नसतेच. त्यामुळे राधानगरीसारख्या ठिकाणी लग्नाआधी लिहावे की न लिहावे, हा खरा प्रश्न नव्हे. कोणी लिहावे आणि कशाबद्दल लिहावे, हा आहे.

खुद्द कायद्यालाही यादी हवी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक अधिनियमाखाली १९८५ साली जे नियम झाले, त्यांनुसार लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी करावी, प्रत्येक वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते त्यात नमूद करावे, वधूची यादी वधूने आणि वराची वराने जपावी, आणि त्यांवर वधूवरांच्या सह्या असाव्यात, अशी अपेक्षा आहे. गावची याद आणि सरकारी यादी यांत फरक आहे तो याच शेवटच्या अटीचा. सरकारी यादी क्वचितच होते. कारण जे खरोखर दिले-घेतले गेले ते लिहिले तर ती कागदोपत्री गुन्ह्याची कबुली ठरेल, आणि जे लिहिता येण्याजोगे आहे ते लिहून कोणाचे काही साधत नाही. परिणामी 'आमचे काही मागणे नाही, तुमच्या मुलीला तुम्ही काय घालाल ते घाला' या वाक्याने बैठक सुरू होते, आणि यादीत न उतरणारे आकडे तोंडी ठरतात. पुढे संसार मोडला तर स्त्रीधन म्हणजे स्त्रीच्या स्वतःच्या मालकीचे दागिने व वस्तू परत मागताना तिच्या हाती लग्नाच्या अल्बमखेरीज पुरावा नसतो, आणि फोटोतली पाटली सोन्याची की मुलाम्याची, यावर वकिलांचा वाद चालतो.

विवाहपूर्व करार या नावाने जगात जे ओळखले जाते त्याचे काम वेगळे आहे. विवाहामुळे पतिपत्नींच्या मालमत्तेचे काय होते, याविषयी प्रत्येक देशाचा एक मूळ नियम असतो, आणि जोडप्याला तो नको असेल तर लग्नाआधी लेखी कराराने वेगळा नियम निवडता येतो. अमेरिकेतील अनेक राज्ये, इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी येथे कायद्याच्या किंवा न्यायालयाच्या हातून लग्नानंतरच्या संपत्तीची वाटणी कमीअधिक प्रमाणात होते. म्हणून तेथील करार बहुतेक वेळा वाटणी टाळण्यासाठी केला जातो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका जर्मन वारसदार स्त्रीच्या बाजूने निकाल देताना असे म्हटले, की दोघांनी परिणाम समजून, मोकळेपणी केलेला करार अन्यायकारक ठरत नसेल तर न्यायालयाने त्याला मान द्यावा.

अशा कराराचे सर्वांत जवळचे उदाहरण लंडनला नव्हे, घाट उतरल्यावर आहे. देवगड–निपाणी रस्ता राधानगरीवरून दाजीपूरला आणि तेथून फोंडा घाटाने (गोव्यातले फोंडा ते वेगळे) कोकणात उतरतो, आणि कणकवली–सावंतवाडीमार्गे काही तासांत गोव्याची हद्द लागते. त्या हद्दीपलीकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता, पुढील फेरबदलांसह, आजही कौटुंबिक बाबतींत लागू आहे. तिच्यानुसार जोडप्याने वेगळे काही ठरवले नसेल तर लग्नाबरोबर दोघांची आधीची आणि नंतरची मालमत्ता सामाईक होते आणि प्रत्येकजण तिच्यात अर्धा वाटेकरी ठरतो. ज्यांना हे नको असेल त्यांनी लग्नाआधी नोटरीसमोर सार्वजनिक दस्त करून दुसरी पद्धत निवडायची: मालमत्ता पूर्णपणे वेगळी ठेवायची, किंवा लग्नानंतर मिळवलेली तेवढी सामाईक करायची, किंवा स्त्रीने आणलेली मालमत्ता विशेष संरक्षणाखाली ठेवायची. एकदा लग्न झाले की हा दस्त बदलता येत नाही. सामाईक स्थावर मालमत्ता एकाला दुसऱ्याच्या संमतीवाचून विकता येत नाही, हा या व्यवस्थेचा मोठा गुण. तिचा कारभार मात्र संहितेने पतीकडे सोपवला आहे, हा तिचा एकोणिसाव्या शतकातला दोष, आणि समान नागरी कायद्याचे गोवा हे आदर्श उदाहरण म्हणून मिरवणारे तो सहसा सांगत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये गोमंतकीयांच्या गोव्याबाहेरील मालमत्तेच्या वारसाहक्कालाही हीच संहिता लागू होते, असा निर्णय दिला. म्हणजे गोमंतकीयाचा कायदा त्याच्याबरोबर घाट चढून वर येऊ शकतो. राधानगरीकराला मात्र तो घाट उतरून आपलासा करता येत नाही.

घाटाच्या वरच्या अंगाला मूळ नियम नेमका उलटा आहे. हिंदू विवाहाने पतिपत्नींची मालमत्ता एक होत नाही. ज्याचे त्याचे ज्याच्या त्याच्याकडे राहते. लग्नाच्या वेळी दोघांना मिळून मिळालेल्या वस्तूंबाबत १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाचे कलम २७ न्यायालयाला काही आदेश देऊ देते, पण तीस वर्षांच्या संसारात उभ्या राहिलेल्या घरावर, विहिरीवर, ट्रॅक्टरवर पत्नीचा केवळ पत्नी म्हणून मालकीहक्क निर्माण होत नाही. तिला पोटगी मिळते आणि सामाईक घरात राहण्याचा हक्क मिळतो. मालकी मिळत नाही. पतीच्या मालमत्तेत घटस्फोटाच्या वेळी पत्नीला वाटा देण्याची तरतूद असलेले विवाह कायदे दुरुस्ती विधेयक २०१३ साली राज्यसभेने मंजूर केले, परंतु ते लोकसभेत पोहोचून कायदा होण्याआधीच सभागृहाची मुदत संपली.

यातून जो निष्कर्ष निघतो तो नीट लक्षात घेतला पाहिजे. 'तुझे ते तुझे, माझे ते माझे' असा परदेशी नमुन्याचा करार महाराष्ट्रातील हिंदू जोडप्याने केला तर त्यातून नवे काहीच मिळत नाही, कारण कायद्याने ते आधीच तसे आहे. शहरातील वकिलांकडे जे छापील मसुदे फिरतात ते बहुतांशी याच जातीचे आहेत: ज्याला संरक्षणाची गरज नाही त्याला आणखी एक कुलूप. येथे करायचाच झाला तर करार उलट्या दिशेचा हवा, म्हणजे जे कायदा सामाईक करत नाही ते दोघांनी समजून-उमजून सामाईक करण्याचा.

राधानगरीच्या शेतघरात हे किती अवघड आहे, ते सातबाऱ्यावर दिसते. सातबारा म्हणजे जमिनीच्या मालकीची आणि पिकांची महसुली नोंद. लग्नाच्या वयाच्या मुलाचे नाव तिच्यावर पुष्कळदा नसतेच. जमीन आजोबांच्या, किंवा आजोबा वारल्यावर वडील, चुलते आणि आत्या अशा सात-आठ नावांवर असते आणि वाटप प्रत्यक्ष बांधावर झालेले असले तरी कागदावर झालेले नसते. ऊस परित्याच्या भोगावती कारखान्याला किंवा बिद्रीला जातो आणि बिल सभासदाच्या खात्यावर जमा होते; सभासद वडील. शेणघाण, वैरण, धार काढणे हे काम सासू-सुनेचे. गोकुळ दूध संघाला जाणाऱ्या दुधाचे दहा दिवसांचे बिल गावच्या दूध संस्थेत ज्याच्या नावे खाते आहे त्याचे. मुलगा शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असेल तर पगार त्याचा, पण त्यातला भाग घराच्या स्लॅबला आणि बहिणीच्या लग्नाला गेलेला. अशा मुलाने 'माझ्या मालमत्तेची यादी' लिहायला घेतली तर एक दुचाकी, एक मोबाइल आणि वाटप न झालेला एक हिस्सा, यापलीकडे कागद भरणार नाही. आणि तरीही मुलीकडच्या बैठकीत त्याची ओळख 'चार एकर बागायत' अशीच करून दिली जाते.

मुलीच्या बाजूचा कागद तर लग्नाच्या आगेमागे वेगळ्याच कार्यालयात तयार होत असतो. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले की त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. या हक्कावर समाजाने शोधलेला उतारा म्हणजे हक्कसोडपत्र: बहिणीने आपला हिस्सा भावांच्या लाभात सोडल्याचा नोंदणीकृत दस्त. लग्नात केलेला खर्च हाच तिचा वाटा, ही त्यामागची समजूत. आणि सही केली नाही तर माहेरचा उंबरा तुटेल ही भीती. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठ्याचा ठसा, छायाचित्र आणि दोन ओळख पटवणारे साक्षीदार एवढ्यावर हे काम होते, आणि दस्तात मोबदल्याच्या रकान्यात 'प्रेमापोटी, विनामोबदला' असे शब्द येतात. वडिलांची स्वकष्टार्जित जमीन असेल तर त्यांच्या हयातीत असा 'हक्क' सोडण्याला अर्थच नाही, कारण भावी वारसाची नुसती आशा १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार हस्तांतरित होत नाही. तरी बैठकीत मुलीकडून तोंडी तसे वदवून घेतले जाते. विवाहाच्या निमित्ताने स्त्रीच्या मालमत्तेविषयी होणारा सर्वांत परिणामकारक करार हा आहे, आणि तो ती नवऱ्याशी नव्हे, भावाशी करते. विवाहपूर्व करार आपल्या संस्कृतीत बसत नाही असे म्हणणाऱ्यांनी हा दस्त कोणत्या संस्कृतीत बसतो, ते सांगायला हवे.

आता न्यायालये काय म्हणतात ते पाहू. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे कलम २३ सार्वजनिक धोरणाविरुद्ध असलेला करार रद्द ठरवते, आणि हिंदू विवाह हा संस्कार मानला गेल्यामुळे त्यातील कर्तव्ये आधी ठरवून बदलता येत नाहीत, अशी जुनी भूमिका आहे. कलकत्ता उच्च न्यायालयापुढे १९०१ साली आलेल्या एका गाजलेल्या खटल्यात जावयाने लग्नाआधी सासुरवाडीतच राहण्याचे कबूल केले होते. न्यायालयाने तो करार अंमलात आणायला नकार दिला. म्हणजे ज्या घरजावयावर लोकनाट्यांत शतकभर विनोद झाले, त्याची लेखी हमी कायद्याने तेव्हाच निरर्थक ठरवली होती. पोटगी न मागण्याची हमीही टिकत नाही. पत्नीने असे लिहून दिले तरी तिचा वैधानिक हक्क संपत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितले आहे. मुस्लिम विवाह मुळातच करार असल्याने तेथे चित्र वेगळे आहे: निकाहनाम्यात मेहर, म्हणजे पत्नीला द्यावयाची रक्कम, लिहिली जाते, वाजवी अटी घालता येतात, आणि तलाकचा अधिकार पतीने पत्नीकडे सोपवण्याचीही सोय आहे, जरी प्रत्यक्षात ती वापरणारे थोडे आणि मेहरची रक्कम नाममात्र लिहिणारे फार.

गंमत अशी, की संसार मोडताना केलेला लेखी समझोता न्यायालय सहज स्वीकारते. परस्परसंमतीच्या घटस्फोटात तर तोच पाया असतो. पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचे सविस्तर शपथपत्र दिले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये, नागपूरहून गेलेल्या एका प्रकरणात बंधनकारक केले. एकमेकांचे पगारपत्रक, ठेवी, विमा आणि देणी प्रथमच पाहायला मिळतात ती अशा रीतीने कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यात. दिल्लीतील एका कौटुंबिक न्यायालयाने २०२३ साली विवाहपूर्व करार समुपदेशनासह सक्तीचा करण्याची वेळ आली आहे, असे मत नोंदवले होते. सक्ती ही फार पुढची गोष्ट झाली, आणि दुबळ्या बाजूवर सक्तीने काय लिहून घेतले जाईल याची कल्पना हक्कसोडपत्रावरून येते. पण ते शपथपत्र लग्नाआधी परस्परांना दाखवायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.

करार करावा की नाही, याचा निर्णय म्हणूनच त्याच्या अंमलबजावणीवर तोलला तर 'नको' असेच उत्तर येईल. तो तोलायचा तो उघड करण्याच्या कामावर. मुलाने सेवा संस्थेचे पीककर्ज आणि पतसंस्थेचे कर्ज किती आहे, मित्राच्या ट्रॅक्टरला आपण जामीन आहोत का, आणि चार एकरांपैकी आपल्या नावावर येईल ते किती, हे लिहावे. मुलीने आपले शैक्षणिक कर्ज, ठेव आणि माहेरच्या हिश्श्याची स्थिती लिहावी. नोकरी कोणी सोडायची, बदली झाली तर काय, आईवडिलांना पैसे कोणी किती पाठवायचे, हेही लिहावे, जरी त्यातील बरेच न्यायालयात अंमलात येणारे नसले. हे याद होण्याआधी व्हायला हवे. पत्रिका छापून झाल्यावर, हॉलचा इसार दिल्यावर पुढे केलेल्या कागदावर कोणी मोकळेपणी सही करत नाही, आणि दोघांचा वकील एकच असेल तर तो कागद कोणाच्या बाजूचा, हे सांगायला नको. स्टॅम्पपेपर ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी पाचशेचा झाला. त्याने कागदाला वजन येते ही समजूत मात्र जुनीच आहे. याच समजुतीपोटी नोटरीपुढे स्टॅम्पवर 'सोडचिठ्ठी' लिहून दुसरी लग्ने लागतात आणि पुढे ती बेकायदेशीर ठरतात.

ज्या वाक्यांना अंमल हवा आहे ती करारात न ठेवता त्यांच्या योग्य दस्तात न्यावी लागतात. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास 'लक्ष्मी मुक्ती' मोहीम काढून शेतकऱ्यांना पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले, आणि १९९२ साली शासनाने परिपत्रक काढून पतीच्या अर्जावर सातबाऱ्याला पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याचा मार्ग दिला. तो आजही आहे आणि आजही फार थोडे लोक त्या वाटेने जातात. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता अधिनियमाखाली पतीने काढलेला विमा पत्नी व मुलांसाठी विश्वस्त निधी ठरतो आणि सावकाराला, बँकेला त्याला हात लावता येत नाही. अर्ज भरताना एक वेगळा फॉर्म जोडावा लागतो, इतकेच. बक्षीसपत्र, घर घेतानाच दोघांची नावे, दूध संस्थेत सुनेच्या नावे खाते, हे सारे विवाहपूर्व कराराचेच तुकडे आहेत, आणि न्यायालयात टिकणारे आहेत.

'लग्नाआधीच मोडायची भाषा' हा आक्षेप या तालुक्यात तरी इतिहासाला धरून नाही. राधानगरी हे नाव राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई अक्कासाहेब यांच्यावरून पडले. त्यांचा विवाह १९०८ साली देवास थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार यांच्याशी झाला आणि तो टिकला नाही, त्या कोल्हापुरास परतल्या. १९२१ साली देवास दरबारी खासगी सचिव राहिलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी या बेबनावाविषयी आपल्या १९५३ च्या पुस्तकात लिहिले आहे. राजघराण्याच्या तंट्यात दोन संस्थाने आणि इंग्रज रेसिडेंट उतरू शकत होते. रयतेच्या मुलीला तसे कोणी नव्हते. शाहू महाराजांच्या करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानाने १९१७ मध्ये पुनर्विवाहाचा आणि १९१९ मध्ये आंतरजातीय विवाह, घटस्फोट व स्त्रियांना दिली जाणारी क्रूर वागणूक यांविषयीचे कायदे केले, ते या पार्श्वभूमीवर वाचावेत; त्यांचा परस्परसंबंध कागदोपत्री कोणी सिद्ध करू नये, पण घरातले दुःख ठाऊक असलेल्या माणसाने ते केले, एवढे खरे. त्याआधी १८७३ साली जोतीराव फुले यांनी सुरू केलेल्या सत्यशोधक विवाहात वधूवर लोकांसमोर परस्परांना वचने देत, आणि स्त्रीच्या हक्कांचा उच्चार मंगलाष्टकांतच होई. कोल्हापुरात १९११ साली सत्यशोधक समाजाची शाखा निघाल्यावर ही पद्धत या भागात रुजली. लग्नाच्या अटी दोघांनी स्वतः बोलून दाखवणे येथे शंभर वर्षांपूर्वी झालेले आहे.

लग्नाआधी लिहिण्याचा हा निर्णय सर्वांत निकडीचा ठरतो तो दुसऱ्या लग्नात, आणि तेथेच तो सर्वांत कमी बोलला जातो. अपघातात किंवा आजारात नवरा गेलेल्या तिशीतल्या स्त्रीच्या नावावर पहिल्या पतीच्या वारसाने काही गुंठे आलेले असतात. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने पुनर्विवाहाबरोबर ते तिच्या हातून जात. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने ती पूर्ण मालक झाली, आणि वारसा एकदा मिळाल्यावर पुनर्विवाहाने तो परत जात नाही. परंतु ती इच्छापत्र न करता वारली तर त्याच अधिनियमाच्या कलम १५ नुसार तिची मालमत्ता तिची मुले आणि तिचा पती यांच्यात विभागली जाते, आणि तो पती म्हणजे दुसरा. पहिल्या नवऱ्याच्या जमिनीत त्याच्या मुलांबरोबर नवा माणूस वाटेकरी होतो. जुने सासर पुनर्विवाहाला अडवते ते पुष्कळदा याच धास्तीने, आणि मुलांना ठेवून घेते तेही. नव्या जोडीदाराने या जमिनीवर आपला दावा नाही असे कितीही लिहून दिले, तरी त्या कागदावर विसंबण्याचे कारण नाही. स्त्रीने लग्नाआधी स्वतःचे इच्छापत्र करून ती जमीन मुलांच्या नावे लिहावी, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, त्याची नोंदणी करावी, आणि त्याची प्रत नव्या घरी तसेच जुन्या सासरी, दोन्हीकडे याद करायला बसण्यापूर्वी दाखवावी.